माचाचं गोड, टोकियोतलं

टोकियोत माचाचं, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचं, काय मिळत नाही, असं कुणी विचारलं तर उत्तराला वेळ लागेल. चीजकेक, रोल केक, टिरामिसू, पुडिंग, डोनट, क्रोसाँ, मोची. ज्या दुकानात शिराल तिथे एक तरी हिरवा पदार्थ मांडलेला असतोच. कोपऱ्यावरच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, हागेन-डाझचं हिरव्या चहाचं आइस्क्रीम असतं. ते जपानात १९९६ साली आलं आणि आजही शीतपेटीतली आपली जागा धरून आहे. तेव्हा मिळण्याची अडचण कधीच नव्हती. अडचण होती ती चहाची चव लागण्याची. एवढ्या हिरव्या पदार्थांपैकी डोळे मिटून खाल्ले तरी आत चहा आहे हे कळावं, असे फार थोडे. तेच शोधून काढायचा मला नाद लागला.

आम्ही निशी-कासाईला राहतो. टोकियोतली ही भारतीयांची वस्ती. मराठी घरंही बरीच आहेत, त्यामुळे गणपतीत आरतीला माणसं कमी पडत नाहीत. आमच्या स्टेशनावरून जाणारी तोझाई लाइन या नादाला फार सोयीची. निहोनबाशीला गाडी बदलली की एका बाजूला गिंझा, दुसऱ्या बाजूला उएनो आणि आसाकुसा. न बदलता बसून राहिलं तर इइदाबाशी आणि कागुराझाका. मुलगी शाळेत गेली की दुपार माझी असायची. मी शाकाहारी आहे. केकमधलं अंडं चालतं, जिलेटिन चालत नाही. सुरुवातीला ही अट जाचक वाटायची. पुढे तिच्यामुळेच काही फार चांगल्या दुकानांत जाणं झालं.

माचाची खरी चव मात्र कळली ती कॅफेच्या बाहेर. वॉर्डाच्या जपानी वर्गात आम्हाला शिकवणाऱ्या सेन्सेई सत्तरीच्या आहेत. माझ्या माचाप्रेमाच्या गोष्टी ऐकून त्यांनी एक दिवस सांगितलं, "केक खाण्याआधी नुसता माचा प्यायला हवा. म्हणजे केकमध्ये काय हरवलंय ते कळतं." आणि त्या मला हामारिक्यू बागेत घेऊन गेल्या.

शिओदोमेच्या काचेच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी ही शोगुनांच्या काळातली बाग आहे. तिच्या तळ्यात टोकियोच्या खाडीचं खारं पाणी भरती-ओहोटीबरोबर आत-बाहेर होत असतं. तळ्यात लाकडी पुलाने जोडलेलं एक चहाघर आहे, नाकाजिमा-नो-ओचाया. तिथे तातामीवर, म्हणजे गवती चटईवर, बसायचं. समोर तबक येतं, त्यात एक वाडगा माचा आणि एक वागाशी, म्हणजे जपानी मिठाई. जूनचा महिना होता, म्हणून वागाशीला हायड्रेंजियाच्या फुलाचा आकार दिलेला. पांढऱ्या घेवड्याच्या गोड गोळ्याची ती नेरिकिरी. मी वाडग्याकडे हात नेला तेव्हा सेन्सेई म्हणाल्या, "आधी गोड. पूर्ण संपवा, मग चहा."

लाकडी काडीने एकेक तुकडा कापून सगळं खाल्लं. तोंड इतकं गोड झालं की पाणी प्यावंसं वाटलं. मग दोन्ही हातांनी वाडगा उचलला. पहिल्या घोटाला कडवटपणा आला, पण तो तोंडात उरलेल्या गोडावर आला, त्यामुळे बोचला नाही. त्याच्या मागून एक दाट, किंचित खारट भासणारी चव आली. तिला इथे उमामी म्हणतात. तिसऱ्या घोटापर्यंत तोंडात साखर उरली नव्हती आणि चहाचा वास मात्र नाकात भरून राहिला होता. त्या चहात साखरेचा कण नव्हता आणि त्या गोडात चहाचा कण नव्हता. दोघांची गाठ पडली ती माझ्या तोंडात. माचाबरोबर गोड खाण्याची मूळ रीत हीच. आइस्क्रीम, केक हे सगळं नंतरचं. तेव्हापासून माचाच्या कुठल्याही पदार्थाला मी एकच प्रश्न विचारते: यात कडू आणि गोड वेगवेगळे कळतात का?

हा प्रश्न का महत्त्वाचा, हे माचा कसा तयार होतो ते पाहिलं की पटतं. काढणीच्या आधी निदान वीसेक दिवस चहाच्या मळ्यावर आच्छादन घालून ऊन अडवतात. उन्हात पानांतलं थिआनिन बदलून त्याचं कॅटेचिन होतं आणि तुरटपणा वाढतो. सावलीत थिआनिन टिकतं, आणि ती दाट चव त्याच्यामुळेच येते. उजेड कमी मिळाला की पान हरितद्रव्यही जास्त करतं, म्हणून रंग गडद. मेमध्ये पहिली खुडणी होते. पानं वाफवतात, न वळता सुकवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात. जे उरतं त्याला तेंचा म्हणतात. तो दगडी जात्यावर दळला की माचा झाला. जातं फार सावकाश फिरवावं लागतं, कारण घर्षणाने तापलं तर वास जातो. एका जात्यातून तासाला साधारण ४० ग्रॅम पूड निघते. एवढ्या मेहनतीची ही पूड उजेडात, हवेत किंवा उष्णतेत ठेवली तर लगेच उतरायला लागते.

म्हणून भट्टीतून निघालेल्या माचाच्या केककडून मी फार अपेक्षा ठेवत नाही. भाजताना हरितद्रव्य काळवंडून रंग पिवळट तपकिरीकडे जातो आणि वासही बराचसा उडतो. भाजूनसुद्धा केक पोपटी हिरवा दिसत असेल तर वेष्टनावरची घटकांची यादी वाचावी. बेकरीच्या कामासाठी विकल्या जाणाऱ्या काही माचात रंग टिकावा म्हणून क्लोरेला नावाचं शेवाळ मिसळलेलं असतं. त्याने अपाय होत नाही, पण तो रंग चहाचा नव्हे. माचाला मानवतात ते थंड पदार्थ, ज्यात पूड शेवटी आणि चुलीपासून लांब घातलेली असते.

पुण्याहून माझी मावसबहीण आली तेव्हा तिला फोनवर पाहिलेला एक चीजकेक खायचाच होता. शिबुयाच्या बाजूच्या त्या कॅफेसमोर आम्ही बराच वेळ रांगेत उभ्या राहिलो. केक देखणा होता, सुरी लावली की आतून हिरवा रस ओघळणारा. पहिला घास खाऊन ताई म्हणाली, "छान आहे गं, पण मला व्हाइट चॉकलेटच लागतंय." तिचं बरोबर होतं. व्हाइट चॉकलेट, क्रीम चीज आणि साखर यांच्या गर्दीत माचा रंगापुरता उरला होता. वर भुरभुरवलेली पूडसुद्धा काचपेटीच्या दिव्याखाली राहून फिकट पडलेली. अशा केकला एका चांगल्या जेवणाएवढे पैसे मोजायचे, हे मला आजही पटत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिला आसाकुसाला नेलं. सेन्सोजी देवळाच्या मागच्या अंगाला कोतोतोई रस्ता ओलांडला की सुझुकिएन हे चहाचं दुकान लागतं. देवळासमोरच्या नाकामिसे गल्लीतली दाटी इथवर पोचेपर्यंत विरळ होते. शिझुओका प्रांतातल्या फुजिएदा गावच्या नानाया या माचावाल्यांबरोबर मिळून या दुकानाने माचाचा जिलाटो सात पायऱ्यांत केला आहे. पहिल्या क्रमांकात माचा सर्वांत कमी, सातव्यात सर्वांत जास्त, आणि सातवा हा जगातला सर्वांत दाट माचा जिलाटो असल्याचं ते अभिमानाने सांगतात. काचेतून बघितलं तरी क्रम कळतो. पहिला फिका पिस्ता रंगाचा, मग एकेक छटा गडद होत सातवा जवळजवळ काळपट हिरवा.

आम्ही पहिला, चौथा आणि सातवा घेतला आणि त्याच क्रमाने खाल्ला. पहिल्यात दूध पुढे आणि चहा मागे. चौथ्यात दोघं बरोबरीने. सातवा चमच्यालाच जड लागतो. जिभेवर ठेवला की आधी नुसता गारवा आणि दुधाचा गोडवा कळतो. मग तो वितळत जातो तसा कडूपणा चढत जातो, आणि गिळून झाल्यावरही घशाशी वास रेंगाळतो. तळ्यावरच्या त्या चहाघरात घोटाघोटाने जे कळलं होतं ते इथे एका चमच्यात कळत होतं, पण क्रम तोच, आधी गोड आणि मग कडू. ताईने चौथ्याला पसंती दिली. माझं मत सातव्याला. पहिल्यांदा जाणाऱ्याने पहिला आणि सातवा शेजारीशेजारी घ्यावेत. माचा वाढवत नेला की पदार्थाचं काय होतं, हे समजायला याहून सोपी जागा मला टोकियोत सापडलेली नाही.

सुझुकिएनने मला एक खूण दिली. मुळात चहा विकणाऱ्यांनी काढलेली गोडाची दुकानं आधी बघावीत. त्यांच्याकडे पूड ताजी असते, खप मोठा असतो, आणि चहाची चव दबली तर त्यांचाच माल बदनाम होतो. क्योतोजवळचं उजी हे चहासाठी शतकानुशतकं नावाजलेलं गाव. तिथली नाकामुरा तोकिची ही पेढी १८५४ सालची, आणि गिंझात २०१७ साली उघडलेल्या गिंझा सिक्स या इमारतीत चौथ्या मजल्यावर तिचं चहागृह आहे. बाहेर नावं लिहायची वही असते. नाव लिहून मधल्या वेळात इमारतीत फिरून यावं. तिथली माचाची जेली प्रसिद्ध आहे. सोबत माचा आइस्क्रीम, तांदळाच्या पिठाचे मऊ शिरातामा गोळे आणि अझुकी या लाल कडधान्याची गोड भरड. ती ताईने खाल्ली आणि आदल्या दिवशीच्या चीजकेकची भरपाई झाल्याचं सांगितलं. जेलीत साखर अगदी बेताची, म्हणून अझुकीचा एक दाणा आणि जेलीचा एक तुकडा असं आलटूनपालटून खावं लागतं. मी तिथे माचा आणि वागाशी यावर समाधान मानलं.

आता जिलेटिनबद्दल, कारण आपल्याकडून येणाऱ्या बऱ्याच जणांना ते विचारायचं असतं. जेली, पुडिंग, मूस, बाव्हारुआ या पदार्थांत ते बहुधा असतं, आणि बघून कळत नाही. पण जपानमध्ये ॲलर्जीच्या कारणासाठी ज्या घटकांची नावं पाकिटावर द्यावीत अशी शिफारस आहे, त्या यादीत जिलेटिन येतं. त्यामुळे मोठ्या कॅफेत ॲलर्जीचा तक्ता मागितला तर त्यात ते सापडतं. लहान दुकानात सरळ विचारावं: "झेराचिन वा हाइत्ते इमासु का?" मला आजवर कुणी यावर कपाळाला आठी घातलेली नाही. एका ठिकाणी तर वाढणारी मुलगी आत जाऊन आचाऱ्याला विचारून आली आणि मला चालतील त्या पदार्थांवर पेन्सिलीने गोल करून दिले.

जिलेटिनच्या जागी जुन्या जपानी गोडात कान्तेन असतं, म्हणजे आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो तेच, समुद्रातल्या वनस्पतीपासून केलेलं. कान्तेनच्या शोधात मी उएनोच्या मिहाशीत पोचले. उएनो पार्कजवळचं हे १९४८ सालचं दुकान आनमित्सुसाठी ओळखलं जातं. वाडग्यात कान्तेनचे पारदर्शक चौकोन, खारवलेले लाल वाटाणे, संत्र्याच्या फोडी, मोचीसारखी मऊ ग्युही, अझुकीचं आन, आणि माचाचं आइस्क्रीम घेतलं तर वर त्याचा गोळा. शेजारी काळ्या गुळाच्या पाकाचं छोटं भांडं. आन आपल्या पुरणासारखं लागतं, फक्त वेलचीजायफळाशिवाय, त्यामुळे आमच्याकडे आलेल्या घरच्या मोठ्या माणसांना मी आधी तिथेच नेते. कान्तेनला स्वतःची चव जवळजवळ नसते आणि ते दाताखाली तटकन तुटतं. दोन कडू घासांच्या मध्ये तोंड साफ करायचं काम ते करतं. पाक सगळा एकदम ओतू नये. तो माचावर पडला की चहा हरतो. मी तो कडेने, कान्तेनवर सोडते.

कागुराझाकाच्या चढावर किनोझेन नावाचं असंच जुनं दुकान होतं. तिथला माचाचा बाव्हारुआ सेन्सेईंच्या तरुणपणापासूनचा आवडता. २०२२ च्या सप्टेंबरअखेरीला ते बंद झालं. शेवटच्या आठवड्यात सेन्सेई रांगेत उभ्या राहून खाऊन आल्या आणि पुढच्या वर्गात त्यांनी फळ्यावर त्याचं चित्र काढून आम्हाला सांगितलं: एकीकडे बाव्हारुआ, एकीकडे आन, एकीकडे क्रीम, ज्याने त्याने आपल्या चमच्यावर जुळवून घ्यायचं. तो माझ्या खाण्यातला नव्हता, तरी ते दुकान गेल्याचं मला वाईट वाटतं. वेगवेगळं वाढून खाणाऱ्यावर सोपवायचं, हे ज्यांना कळतं अशी दुकानं कमी होत आहेत.

आणि आता ज्याच्यासाठी मी उन्हाळ्याची वाट बघते तो पदार्थ: उजी किन्तोकी. भुगा केलेला बर्फ, त्यावर माचाचा पाक, आणि अझुकी. टोकियोत ही रस्त्याच्या कडेच्या गाड्यापासून मोठ्या हॉटेलपर्यंत सगळीकडे मिळते. मी खाते ती आकासाकाच्या तोरायात. तोराया हे क्योतोतलं शेकडो वर्षांचं मिठाईचं घराणं. १८६९ मध्ये सम्राटांपाठोपाठ टोकियोला आलं. आकासाकाची त्यांची इमारत २०१८ मध्ये नवी बांधून उघडली, आणि वरच्या मजल्यावरच्या चहागृहातून समोरची हिरवी झाडी दिसते. ऑगस्टच्या दुपारी इथे वाट बघावी लागते. ती बघावी.

बर्फ इतका बारीक किसलेला असतो की जिभेवर दाणा लागत नाही. वरचा पाक गडद हिरवा, आणि तो खरोखर चहाचा आहे हे पहिल्या चमच्याला कळतं: गारव्याच्या आतून कडवटपणा येतो आणि नाकात वाफवलेल्या पानाचा वास. चमचा खाली जात राहतो. अझुकीपाशी पोचला की शिजवलेल्या दाण्याचा शांत गोडवा भेटतो, आणि मग पुढचा चमचा पुन्हा वरच्या हिरव्या बर्फाचा घ्यावासा वाटतो. गोड, कडू, गोड, कडू असं ते अगदी शेवटापर्यंत चालतं. ना लोणी, ना क्रीम, ना अंडं, ना जिलेटिन. चहाघरातल्या तबकावर जे दोन पदार्थ वेगळे ठेवलेले होते तेच इथे एका वाडग्यात आलेत, आणि तरीही एकमेकांत मिसळून गेलेले नाहीत. माचाचं याहून चांगलं गोड मी खाल्लेलं नाही.

हे सगळं महाग होत चाललंय, तेही सांगायला हवं. २०२४ च्या शरद ऋतूत इप्पोदो आणि मारुक्यू कोयामाएन या क्योतोकडच्या नामवंत चहावाल्यांनी माचाच्या विक्रीवर मर्यादा घातली, कारण जगभरातून मागणी एकाएकी वाढली. पुढच्या वर्षी तेंचाचे भाव कडाडले. मागणी वाढली म्हणून चहा लगेच वाढत नाही. नवं झुडूप लावल्यापासून नीट खुडणीला यायला चार-पाच वर्षं जातात, मळेवाले म्हातारे होत आहेत आणि जात्याचा वेग तोच आहे. सेन्सेईंना रोजच्या पिण्याचा त्यांचा नेहमीचा डबा मधले काही आठवडे मिळाला नव्हता. त्यांनी तक्रार केली नाही, पण पिण्यासाठी दळलेला उत्तम माचा बादलीभर दुधात आणि सिरपात ओतला जातो याचं त्यांना दुःख होतं, आणि मला ते रास्त वाटतं. लाते आणि केक यांच्यासाठी जरा कडक, स्वस्त माचा वेगळा मिळतो, आणि तिथे तोच शोभतो.

मुंबई-पुण्याच्या कॅफेंतही आता माचा पोचला आहे. तिथे खाणार असाल तर डबा कधी उघडला आणि तो कुठे ठेवतात, हे आधी विचारा. फ्रीजमध्ये, हवाबंद आणि अंधारात, असं उत्तर आलं तर पुढे जा. केकपेक्षा आइस्क्रीम मागवा. पेय घेतलंत तर साखर वेगळी द्यायला सांगा. पूड पिवळट दिसली तर त्या दिवशी आपली कॉफी बरी.

आणि टोकियोला येणार असाल तर पहिल्या दिवशी हामारिक्यूत जाऊन नुसता माचा प्या, सोबतची वागाशी आधी संपवून. मग जुलै-ऑगस्ट असेल तर तोरायाची उजी किन्तोकी, इतर कुठल्याही ऋतूत सुझुकिएनचा सात नंबर, आणि शाकाहारी मंडळी बरोबर असतील तर मिहाशीचं आनमित्सु. फोनवर दिसणाऱ्या हिरव्या चीजकेकची रांग खुशाल सोडून द्या.